बाबांची मराठी

पुण्याला जाणारी ट्रॅव्हल्स पुसदच्या बसस्टँडबाहेर उभी होती आणि बाबा ड्रायव्हरला सांगत होते, "माझी कन्या उच्च शिक्षणासाठी चालली आहे. तिला व्यवस्थित उतरवून द्या." ड्रायव्हर तंबाखू मळत होता. पांढरा पायजमा, मळकी टोपी आणि कापूस वेचून खरबरीत झालेले हात असलेला हा माणूस रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलतो, म्हणून त्यानं बाबांकडे एकदा नीट पाहिलं. मग म्हणाला, "टेन्शन नका घेऊ काका. सकाळी पोचून जाईन पोरगी."

याडी माझ्या खिडकीखाली उभी होती. आम्ही गोरमाटी, लोक आम्हाला बंजारा म्हणतात. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. मी काच सरकवली तशी तिनं माझा हात धरला आणि आमच्या बोलीत भरभर काहीतरी सांगायला लागली. बाबांनी तिला मधेच थांबवलं. "मराठीत सांग तिला. शहरात चालली आहे ती."

मराठी याडीला बाजारापुरती यायची. थोडा वेळ ती शब्द शोधत राहिली, मग एवढंच म्हणाली, "जेवत जाजो." बस निघाली.

तांड्यावरच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं बॅग घेऊन निघून गेलेल्यांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बाबांना पाहिलेलं आहे. तहसीलचं काम निघालं की तुम्ही त्यांनाच पुढे करायचात. ग्रामसभेत माईक त्यांच्याच हातात जायचा. पण ही मराठी त्यांनी कशी कमावली, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल. मला सांगितलं होतं.

शाळेच्या पहिल्या दिवशी गुरुजी काय विचारतात ते त्यांना कळलंच नाही. घरात मराठीचा एक शब्द कानावर पडलेला नव्हता. ते उभे राहिले, गप्प. गुरुजींना वाटलं पोरगं मंद आहे, आणि त्यांना सगळ्यात मागच्या ओळीत बसवलं. सातवीत शाळा सुटेपर्यंत ते त्याच ओळीत होते. नंतर त्यांनी रेडिओ घेतला. वावरात बैल चालायचे आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रेडिओ चालायचा. बातम्या देणारा जे बोलेल ते बाबा मागोमाग बोलायचे. "मुख्यमंत्र्यांच्या हस्ते", "तूर्तास", "दरम्यान". असे शब्द त्यांनी एकेक करून गोळा केले, आणि मग ते तुरीच्या भावाबद्दलसुद्धा त्याच शब्दांत बोलायला लागले.

मी झाले तेव्हाच त्यांचं ठरलं होतं की ही मागच्या ओळीत बसणार नाही. माझ्याशी ते जन्मापासून मराठीत बोलले. पहिलीपासून मला पुसदच्या वसतिगृहात ठेवलं. सुट्टीत घरी आले की घरात मराठीच. दादाला, माझ्या मोठ्या भावाला, ही शिस्त लागू नव्हती. तो वावर सांभाळणार हे ठरलेलं होतं, त्यामुळे तो घरात गोरमाटी आणि बाहेर वऱ्हाडी बोलत मोकळा वाढला. मी वसतिगृहातून "मले", "तुले" घेऊन आले की बाबा जेवता जेवता घास थांबवायचे. "मले नाही. मला." 'ळ' म्हणायला तर त्यांनी मला ओट्यावर बसवून शिकवलं, कारण आमच्याकडे डोळ्याचा डोया होतो आणि केळीची केयी. याडीला मी आई म्हणावं अशीही त्यांची इच्छा होती. पण 'आई' म्हणून हाक मारली तर याडी मानच वळवायची नाही, त्यामुळे ती एक गोष्ट राहून गेली.

स्वयंपाकघरातली बोली मला समजायची. बाटी म्हणजे भाकरी, आव म्हणजे ये, बेस म्हणजे बस. त्यापुढचं, माणसांच्या रात्रीच्या गप्पा, लग्नातली गाणी, बायांचं रडणं, हे सगळं माझ्या डोक्यावरून जायचं. तेव्हा त्याचं मला काही वाटलं नाही. बाबा माझ्याशी बोलत होते आणि बाबांची मराठी मला पुरत होती.

पुण्यात मी मराठीत एम. ए. करायला गेले होते. भाषाविज्ञान नावाचा विषय असतो हे तिथं कळलं. पहिल्या तासाला मॅडमनी प्रत्येकाला विचारलं, भूक लागली तर घरी काय म्हणता? मी म्हटलं, "मला भूक लागली आहे." मॅडम म्हणाल्या, "हे पुस्तकातलं झालं. घरी?" मी हळूच वसतिगृहातलं म्हटलं, "मले भूक लागली." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर 'मला' आणि 'मले' शेजारी शेजारी लिहिलं आणि दोन्ही कसे घडलेत ते समजावून सांगितलं. ज्या शब्दावर बाबांचा घास थांबायचा, त्याला फळ्यावर 'मला'च्या बरोबरीची जागा मिळाली होती. मग त्यांनी विचारलं, "आणि आई काय म्हणते?" याडीला भूक लागलेली मी कधी ऐकलीच नव्हती, ती आमच्या आधी कधी जेवायलाच बसायची नाही.

मी एम. ए.चा विषय बदलून भाषाविज्ञान घेतलं. त्या दोन वर्षांत मी आवाजाची चित्रं वाचायला शिकले. संगणकाच्या पडद्यावर माणसाचा आवाज काळ्या-करड्या पट्ट्यांसारखा उमटतो. कुठे ओठ मिटले, कुठे जीभ टाळूला लागली, हे त्यात दिसतं. माझाच आवाज पडद्यावर पाहिला तेव्हा त्यातला 'ळ' मला बाबांनी ओट्यावर बसून घडवलेल्या वस्तूसारखा दिसला.

बाबांना मी फोनवर सांगितलं तेव्हा ते जरा गोंधळले. "भाषा शिकायला विद्यापीठात जावं लागतं? भाषा तर तुला येते." पण तांड्यावर त्यांनी सांगून टाकलं, "माझी मुलगी मराठीची शास्त्रज्ञ आहे." वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला मुलीच्या नोकरीचं नाव सांगता आलं पाहिजे, नाहीतर चार लोकांत पंचाईत होते. शास्त्रज्ञ या शब्दानं त्यांची सोय झाली.

नोकरी बंगळुरूत मिळाली. फोनवर शेतकरी बोलेल ते समजून उत्तर देणारी यंत्रणा बनवणारी कंपनी. आजूबाजूला सगळे इंजिनिअर. पहिल्या महिन्यात एकानं मला अगदी सरळ मनानं विचारलं, "तू नक्की काय करतेस?" मी त्याला दोन रेकॉर्डिंग ऐकवली. एकात माणूस म्हणतो "सोयाबीन पिवळं पडत आहे", दुसऱ्यात म्हणतो "सोयाबीन पिवयं पडून राह्यलं". मशीनला पहिलं कळत होतं. दुसऱ्या माणसाला ते पुन्हा पुन्हा विचारायचं, कृपया परत सांगा. दोघं एकच गोष्ट सांगतात आणि त्यांच्यातला फरक नियमानं चालतो, हे मशीनला समजेल अशा रीतीनं मांडायचं, हे माझं काम. तो म्हणाला, "मग आमचं अर्धं काम तुझंच आहे." मला त्या दिवशी ऑफिसातली माझी खुर्ची माझी वाटली.

यंत्रणा चाचणीला आली तेव्हा मी सुट्टीत घरी जाऊन नंबर दिला. बाबांनी फोन लावला आणि रेडिओवरच्या आवाजात विचारलं, "तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीच्या नियंत्रणासाठी काय उपाययोजना करावी?" मशीननं एका दमात उत्तर दिलं. बाबा खूश. मग दादानं विचारलं, "तुरीले अया लागल्या, काय मारू?" मशीन म्हणालं, कृपया परत सांगा. दादा म्हणाला, "पाय, तुह्या मशीनले मी समजतच नाही."

मी म्हटलं, तेच तर शिकवते आहे मशीनला. तर बाबा नाराज. "मशीनला कशाला बिघडवतेस? माणसांना शिकव ना." आम्ही त्यावर बराच वेळ भांडलो, हसत हसत. असं भांडण फक्त आमच्या दोघांचं असायचं. याडी शेजारी बसून भाजी निवडायची, तिला त्यातलं फारसं कळायचं नाही. आम्ही तिला सांगायचोही नाही.

काही वर्षांनी दादाचा फोन आला तेव्हा मी सकाळच्या मीटिंगमध्ये होते. "वंदे, बाबाले लकवा मारला. बोलूनच नाही राह्यले. यवतमायले घेऊन चाललो. तू निघ."

नागपूरला उतरले आणि गाडी केली. कळंब आलं तेव्हा ड्रायव्हरनं एक हात स्टिअरिंगवरून काढून चिंतामणी गणपतीच्या देवळाच्या दिशेनं पाहत छातीला लावला. मीही लावला. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, आणि मी मनातल्या मनात मेंदूची डावी बाजू, उजवा हात, वाचा, असं वर्गात शिकलेलं एकेक आठवत होते आणि आठवायला नको म्हणत होते.

यवतमाळच्या दवाखान्यात बाबा जागे होते. उजवा हात चादरीवर निर्जीव पडला होता. मी म्हटलं, "बाबा, मी आले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं, डोळ्यांत पाणी आलं. पण मी पुढे जे काही विचारलं, दुखतं का, पाणी हवं का, त्यावर ते फक्त माझ्या ओठांकडे पाहत राहिले. परक्या मुलखात आलेला माणूस पाहतो तसे.

काही दिवसांनी स्पीच थेरपिस्ट आली. अमरावतीकडची तरुण मुलगी, अतिशय मायेची. तिनं चित्रं समोर धरली. "काका, कंगवा दाखवा. बरं, चमचा दाखवा. डोळे मिटा बघू." बाबांनी काहीच केलं नाही. तिनं हिंदीत विचारलं. काही नाही. तिनं मला बाजूला घेतलं. याला वाचाघात म्हणतात हे मला माहीत होतं. ती म्हणाली, "बोलणं तर गेलंच आहे, पण समजणंही खूप कमी आहे. सध्या फार अपेक्षा ठेवू नका."

तेवढ्यात मला सहज दिसलं की याडी पलंगाजवळ उभी राहून त्यांच्या पायावर चादर ओढते आहे, पुटपुटते आहे, आणि बाबांनी तिच्या बोलण्यावर पाय उचलला.

मी थेरपिस्टला म्हटलं, "त्यांची पहिली भाषा मराठी नाही. एकदा आमच्या बोलीत विचारून पाहू या?" दोन भाषा बोलणाऱ्या माणसाच्या दोन्ही भाषा अशा आजारात सारख्या जात नाहीत, सारख्या परतत नाहीत, हे मी शिकले होते. तिनंही शिकलेलं होतं. ती लगेच म्हणाली, "नक्की पाहू. मला येत नाही, तुम्ही विचारा."

मलाही येत नव्हतं. डोळे मिटा हे आमच्या बोलीत कसं म्हणतात, हे मला खात्रीनं सांगता येईना. मी याडीला पुढे बोलावलं. "याडी, तू विचार."

याडीनं पदर सारखा केला आणि नवऱ्याला, त्या खोलीत सगळ्यांसमोर, आमच्या बोलीत डोळे मिटायला सांगितलं. बाबांनी डोळे मिटले. कंगव्याचं चित्र विचारलं. डावा हात हळूहळू वर आला आणि कंगव्यावर टेकला. मग चमचा. मग याडीनं थेरपिस्टनं न सांगितलेलंच काहीतरी विचारलं, आणि बाबांच्या तोंडाची डावी कड हसली. थेरपिस्ट टाळ्या वाजवायला लागली. दादा रडायला लागला. मी विचारलं, "काय विचारलंस?" याडी म्हणाली, "काई नाही. मायं अन् त्याचं हाय ते."

त्या दिवशी सगळ्यांनी मला धरून आनंद केला. तुझ्या शिक्षणानं बापाला वाचवलं म्हणाले. बाबांना दुसऱ्यांदा मंद ठरवलं जाणार होतं आणि मी ते होऊ दिलं नाही, हे खरं आहे. त्यानंतर सगळे व्यायाम आमच्या बोलीत सुरू झाले आणि बाबा सुधारत गेले. पण गाडीतून तांड्यावर परतताना मला उमगलं ते मी कुणाला बोलले नाही. बाबा परत येत होते, पण याडीचे बाबा. माझे बाबा मराठीत होते.

आमचं सगळं नातं त्या भाषेत झालेलं. त्यांचा राग, चेष्टा, "कन्या" म्हणणं, मशीनवरून भांडणं. दादाजवळ बापाच्या दोन-तीन आवृत्त्या होत्या. माझ्याजवळ एकच होती, आणि तिच्यातला एक शब्दही उरला नव्हता. रेडिओ लावला तर ते थोडा वेळ ऐकायचे आणि डाव्या हातानं बंद करा असं खुणावायचे. जेवढ्या कष्टानं त्यांनी मराठी मिळवली होती तेवढ्या कष्टानं मिळवलेलं दुसरं काही त्यांच्याजवळ नव्हतं. जमीन वडिलांची होती. मराठी त्यांची स्वतःची होती.

कंपनीनं मला घरून काम करू दिलं, नवरा आणि मुलगा बंगळुरूत राहिले. तांड्यावर रेंज यायची ती शाळेच्या मागच्या टेकाडावर, म्हणून मी लॅपटॉप घेऊन तिथं बसायचे, आणि उरलेल्या वेळात याडीकडून बोली शिकायचे. चाळिशीला आलेली बाई आणि तिची आई, दोघी ओट्यावर. याडी पहिल्यांदा लाजायची. "आता कायले शिकतं? तुले त इंग्लिश येते." मग तिला मजा यायला लागली. मी चुकले की ती पदर तोंडाला लावून हसायची. शेजारच्या बाया मुद्दाम येऊन मला बोलायला लावायच्या. क्रियापदाचे शेवट मी लवकर उचलले, ते माझं कामच होतं. शब्द मात्र थोडे थोडेच यायचे, आणि रोज थोडे गळायचेही.

बाबांशी मी आमच्या बोलीत बोलायला लागले. तू जेवलास का, ऊन लागतं का, पाय दाबू का. लहान मूल बोलतं तेवढंच. बाबा ऐकायचे आणि माझ्याकडे असे पाहायचे की मी मान खाली घालायचे. कधी कधी वाटायचं ते मला ओळखायला चुकत आहेत. त्यांची मुलगी कधी अशी बोलली नव्हती.

आता ती दुपार सांगते. तिच्यासाठीच हे सगळं लिहायला बसले आहे.

तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. याडी आणि दादा वावरात गेले होते. मी बाबांना निंबाखाली खाटेवर बसवलं आणि खाली सूप घेऊन बसले. बाबांचं बोलणं तोवर दोन-तीन शब्दांचं असायचं, तेही तुटलेले, एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर. याडीला ते बरोबर लागायचे, आम्हाला अर्धे. त्या दुपारी बाबा अचानक बोलायला लागले. एक वाक्य झालं. मला वाटलं थांबतील. थांबले नाहीत. अडखळत, मागे येत, पुन्हा धरत ते बोलत राहिले. निंबाची सावली खाटेवरून सरकून भिंतीवर गेली तरी बोलत होते. आजारानंतर ते एवढं कुणाशीच बोलले नव्हते.

ते मला काहीतरी सांगत होते. इकडेतिकडे पाहून नाही, माझ्याकडे पाहून. आणि मला ते कळत नव्हतं.

मला काय कळत होतं ते सांगते. क्रियापदं भूतकाळातली होती. म्हणजे होऊन गेलेली गोष्ट. कर्ती स्त्री होती, शेवट तसे होते. कधी एक स्त्री, कधी बहुधा दोन. कुणीतरी निघालं होतं. कुणीतरी रडलं होतं. 'छोरी' दोनदा आलं, म्हणजे मुलगी. 'शाळा' आलं. एका ठिकाणी त्यांनी स्वतःचं नाव घेतलं आणि छातीवर डावा हात आपटला. प्रश्नार्थक वाक्य होतं एक, ते त्यांनी मला विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली. व्याकरण सगळं उलगडत होतं, गोष्ट नाही.

फोन आत चार्जिंगला होता. लोकांचे आवाज रेकॉर्ड करून मी पोट भरते, आणि त्या दिवशी मी तो फोन आणायला उठले नाही. उठले तर ते थांबतील अशी भीती वाटली. म्हणून बसून राहिले, त्यांच्या ओठांकडे पाहत. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला मी मान हलवली. होकारार्थी. त्यांना बरं वाटलं असावं, कारण त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मग डोळे मिटून पडले.

याडी आली तेव्हा मी दारातच तिला गाठलं. तिनं बाबांजवळ बसून विचारलं, पोरीला काय सांगत होतास? बाबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि 'बाटी' म्हणाले. त्यांना भूक लागली होती. दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. मला आठवलेले तुटके आवाज मी याडीला म्हणून दाखवले. ती प्रत्येकाला काहीतरी अर्थ लावायची आणि मग स्वतःच मान हलवायची. "हे बी असन. ते बी असन. तुह्या तोंडून समजत नाही मले." दादा म्हणाला, "जाऊ दे ना वंदे. आजारी माणूस हाय, बोलला काही बी."

पण ते काही बी नव्हतं. मला त्या आवाजाची चढउतार माहीत आहे. माणूस गोष्ट सांगतो तेव्हा तो कसा चढतो आणि शेवटाला कसा उतरतो, हे मी हजारो आवाजांत पडद्यावर पाहिलं आहे. बाबांनी गोष्ट सुरू केली होती आणि पूर्ण केली होती.

पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही. दुसरा झटका झोपेत आला.

तेराव्यानंतर मी बंगळुरूला परतले आणि काही महिन्यांनी नोकरी बदलली. आता मी एका संशोधन संस्थेत आहे. डॉक्टर, थेरपिस्ट, सॉफ्टवेअरवाले आणि मी मिळून वाचाघात झालेल्या माणसांसाठी चाचण्या बनवतो, त्यांच्या त्यांच्या घरच्या भाषेत. टॅबलेटवर चित्र येतं आणि रुग्णाला त्याच्याच बोलीत विचारलं जातं. गोरमाटीतली चाचणी आधी झाली. कोलाम आदिवासींच्या कोलामीवर काम चालू आहे, त्यासाठी मी वणीकडच्या त्यांच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, जाऊन आले. परिषदांमध्ये लोक विचारतात, भाषेचा अभ्यास करून तुम्ही वैद्यकीय तंत्रज्ञानात कशा आलात? मी त्यांना रीतसर उत्तर देते. तरुण मुली येऊन सांगतात, आम्हालाही हेच करायचं आहे, आणि मी त्यांना मनापासून म्हणते, करा. ध्वनी शिका, व्याकरण शिका, थोडं कोडिंग शिका, दवाखान्यात जाऊन बसा. हे सगळं खरं आहे आणि कामही चांगलं आहे. पण प्रत्येक कौतुकाच्या वेळी मला वाटतं, हे सगळं परत घ्या आणि मला ती एक दुपार समजू द्या.

बाबांवर मी कधी रागावले नाही. त्यांनी मला मागच्या ओळीतून वाचवण्यासाठी स्वतःची बोली माझ्यापासून दूर ठेवली, आणि मी खरंच पुढच्या ओळीत जाऊन बसले. त्यांचा हिशोब चुकला नव्हता. तरी त्यात काय गेलं ते त्यांना कळलं असेल का, निंबाखाली बोलताना, हे मात्र मनातून जात नाही. मला कळत नाहीये हे त्यांना समजलं होतं का? की माझ्या मान हलवण्यावर त्यांनी विश्वास ठेवला? कधी हे बरं वाटतं, कधी ते.

तांड्यावर आता पोरं आपसांत मराठी बोलतात, इंग्लिश मीडियमची गाडी पुसदहून दारात येते. कुणाला काही शिकवायचा मला अधिकार नाही. मला जे मिळालं ते त्यांनाही मिळावं असंच वाटतं. फक्त त्यांच्या आज्यांशी त्यांना बोलता यावं, एवढं वाटतं, आणि हे वाटणंही मी पुढच्या ओळीत बसल्यावरच शिकले.

बंगळुरूतलं घर चांगलं आहे. नवरा कन्नड बोलतो, मी मराठी, मुलगा दोन्हीत आणि इंग्लिशमध्ये. बाबांची ती रेडिओची मराठी मात्र माझ्या आयुष्यात आता कुणीच बोलत नाही. मीच कधी कधी स्वयंपाक करताना "तूर्तास" म्हणते आणि थबकते.

याडीचा फोन रविवारी येतो. आता ती माझ्याशी आमच्या बोलीतच बोलते, सावकाश, लहान पोरीशी बोलावं तसं. कोण बाळंत झालं, कुणाची म्हैस गेली, बोंडअळी आली की नाही. मधेच एखादा शब्द मला अडतो. पूर्वी मी अंदाजानं पुढे गेले असते. आता नाही जात. मी म्हणते, "कांई?" म्हणजे, काय म्हणालीस? ती चिडत नाही. तो शब्द परत म्हणते, मग सोपा करून म्हणते, तरी कळला नाही तर हाताशी असलेली वस्तू वाजवून दाखवते, आणि मला कळेपर्यंत पुढचं बोलत नाही.

घर कुठलं असं कुणी विचारलं तर मी अजून पुसद तालुक्याचंच नाव सांगते. पण खरं सांगायचं तर घर आता तांड्यावरही नाही आणि इथंही नाही. न समजलेलं मला पुन्हा सांगणारं एक माणूस जगात आहे, तेवढंच माझं घर. याडीचं वय झालं आहे. मी रविवारी फोन जवळ घेऊन बसते आणि एकही शब्द तसाच जाऊ देत नाही.